आधी उतरणे, मग उभे राहणे : हातांवर तोल साधण्याची विद्या

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा विषय शोधण्यासाठी मला फार दूर जावे लागले नाही. सायंकाळच्या वंदनेपूर्वी वसतिगृहाच्या मागील भिंतीजवळ एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. पाचवी-सहावीतील मुले-मुली जमिनीवर तळहात टेकवतात, पाय वर झुगारतात, क्षणभर हवेत राहतात आणि धपकन खाली येतात. हात झटकून पुन्हा तोच प्रयत्न सुरू होतो. त्यांतील प्रत्येकजण एकदा तरी माझ्याजवळ येऊन विचारतो, "सर, मला हातांवर उभे राहायला किती दिवसांत येईल?" या प्रश्नाचे उत्तर मैदानावर घाईघाईत देता येत नाही. म्हणून येथे ते सविस्तर देत आहे. हा लेख मुलांसाठी आहे, तसाच सुट्टीत घरी आलेल्या मुलाचा हा उद्योग पाहून धास्तावणाऱ्या पालकांसाठीही आहे.

एक चूक, जी माझी होती

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. ही गोष्ट बपेऱ्याची नव्हे. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका शाळेत, स्नेहसंमेलनासाठी मनोरे आणि कसरती बसविण्याचे काम माझ्याकडे आले. हातात जेमतेम पंधरवडा होता. सातवीतील एक चुणचुणीत मुलगा पाय वर टाकायला कचरत होता. "घाबरतोस काय? टाक पाय!" असे मी सर्वांसमक्ष ओरडलो. त्याने पाय टाकले, ते पलीकडे गेले, आणि खाली कसे यावे हे त्याला कोणी शिकविलेले नसल्यामुळे तो वाकड्या हातावर पडला. मनगटाचे हाड मोडले. दीड महिना त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. त्याचे वडील शाळेत आले, तेव्हा ते मला काहीच बोलले नाहीत; "गुरुजी, तुम्ही तिथंच होते ना?" एवढेच त्यांनी विचारले. मी तिथेच होतो, परंतु दहा पावलांवर, शिट्टी घेऊन.

त्या दिवसानंतर मी माझा पाठ उलटा केला. वर जाणे शेवटी आणि खाली येणे आधी. या लेखाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे. पुढील सर्व मजकूर त्याचा विस्तार होय.

या विद्येची ओळख

शारीरिक शिक्षणात या कृतीला 'हँडस्टँड' म्हणतात. योगाभ्यासात तिचे नाव अधोमुख वृक्षासन, म्हणजे तोंड खाली केलेले झाड. नाव समर्पक आहे. तळहात ही मुळे, दंड आणि धड हा बुंधा, पाय या फांद्या. शीर्षासनाशी तिची गल्लत करू नये. शीर्षासनात डोके आणि कोपरापर्यंतचे हात जमिनीवर असतात. येथे जमिनीला केवळ दोन तळहात लागलेले असतात आणि डोके मोकळे असते. त्यामुळे मानेवर भार येत नाही, मात्र तोल सांभाळणे अधिक कठीण होते.

आपल्या महाराष्ट्राला उलटे होण्याचे वावडे कधीच नव्हते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबविद्येला नवे रूप दिले, असे परंपरा सांगते. या विद्येत डोके खाली आणि पाय वर ही स्थिती पदोपदी येते. आपल्या विदर्भात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान आखाड्याची स्थापना केली. पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आलेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखविली. मुंबईत दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकविला गेला. तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. डोळ्यांनी न दिसणारे मूल केवळ स्पर्शाच्या आणि शरीराच्या जाणिवेच्या बळावर खांबावर उलटे तोल साधते, हे ज्याने पाहिले तो "मला जमणार नाही" हे शब्द जपूनच उच्चारील.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी योगासने शिकविताना भिंत, दोर, घोंगडी, लाकडी ठोकळे अशा साध्या वस्तूंचा आधार घेण्याची पद्धत रुजविली. बालपणी ते स्वतः आजारांनी खंगलेले होते. दुर्बल शरीराला काय हवे असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या जगद्विख्यात इंग्रजी ग्रंथात अधोमुख वृक्षासनाचा समावेश आहे. भिंतीचा आधार घेणे म्हणजे कमीपणा, अशी काही मुलांची समजूत असते, म्हणून हा उल्लेख केला. भिंत ही नवशिक्याची पहिली शिक्षिका आहे.

जिम्नॅस्टिक्समध्ये तर ही कृती बाराखडीसारखी आहे. रिओ येथे २०१६ साली त्रिपुराच्या दीपा कर्माकर हिचे व्हॉल्ट प्रकारातील कांस्यपदक अवघ्या ०.१५० गुणांनी हुकले आणि ती चौथी आली. त्या उडीत तिचे हात साधनाला निमिषमात्र टेकतात. त्या निमिषात ताठ राहणारे हात आणि खांदे हे वर्षानुवर्षे केलेल्या या साध्या अभ्यासाचेच फळ असते.

तोल कसा राहतो?

विज्ञानाच्या तासाला आपण गुरुत्वमध्य शिकतो. कोणत्याही वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेषा तिच्या पायाच्या आत पडत असेल तर ती वस्तू उभी राहते, बाहेर पडली तर कोसळते. पायांवर उभ्या असलेल्या दीड मीटर उंचीच्या मुलाला सुमारे तेवीस सेंटिमीटर लांबीची पावले लाभलेली असतात. तेच मूल हातांवर उभे राहिले की त्याच्या तळहाताची लांबी फार तर सोळा-सतरा सेंटिमीटर असते आणि गुरुत्वमध्य जवळजवळ एक मीटर उंचीवर असतो. शिवाय घोटा आणि पोटरी जे काम जन्मापासून करीत आली, ते काम मनगट आणि पुढच्या हाताला एकाएकी करावे लागते. चाळीस किलो वजनाच्या मुलाच्या प्रत्येक मनगटावर वीस किलोंचा भार येतो. एवढे समजले, तरी पहिल्याच दिवशी पाय झुगारून देण्याची घाई का करू नये, हे ध्यानात येईल.

पायांवर उभे असतानाही आपण पूर्णपणे स्थिर नसतो. शरीर सतत किंचित पुढेमागे झुलत असते आणि घोटे ते सावरीत असतात. हातांवरही तसेच घडते. कर्विन आणि ट्रेवार्था या ब्रिटिश संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले, की हातांवरील तोल सावरण्याचा मुख्य वाटा मनगटाचा असतो. खांदे आणि कंबर त्याला साहाय्य करतात. कसलेला जिम्नॅस्ट दुरून पुतळ्यासारखा दिसतो, पण जवळ जाऊन त्याची बोटे पाहा. ती जमिनीवर अविरत काम करीत असतात.

याचा व्यवहारातील नियम सोपा आहे. पाय पाठीच्या बाजूला कलू लागले, तर बोटांची टोके जमिनीत रुतवा. पाय पोटाच्या बाजूला, म्हणजे आले त्या दिशेने, परत येऊ लागले, तर तळहाताच्या मनगटाकडील भागावर भार द्या. मात्र बोटे पुढे लांब असतात आणि मनगटाच्या मागे आधाराला काहीच नसते. म्हणून पहिल्या दिशेचा तोल सावरणे सोपे आणि दुसऱ्या दिशेचा अवघड. भार किंचित बोटांकडे ठेवून उभे राहावे, असे सांगतात ते याचसाठी.

कोणी थांबावे?

हा अभ्यास सर्वांसाठी नाही आणि तसे सांगण्यात कोणाचाही कमीपणा नाही. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शीर्षासनाच्या वेळी डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होत असल्याचे आढळले. हातांवर उभे राहतानाही डोके खालीच असते. म्हणून काचबिंदू किंवा डोळ्यांच्या पडद्याचा विकार असलेल्यांनी उलट्या स्थितीचे व्यायाम करू नयेत. उच्च रक्तदाब, हृदयविकार, कानाच्या आजारामुळे येणारी चक्कर, फिट येण्याचा विकार किंवा नुकतेच मोडलेले हाड असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाऊल टाकू नये. हे मुलांइतकेच शिकविणाऱ्या शिक्षकांनाही लागू आहे.

आपल्या पूर्व विदर्भात आणखी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवली पाहिजे, ती म्हणजे सिकलसेल. हा आजार आपल्या भागातील अनेक कुटुंबांत आहे. ज्या मुलाला तो आहे, त्याला अतिश्रम, शरीरातील पाणी कमी होणे किंवा कडाक्याची थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. पालकांनी आणि मुलांनी हे शिक्षकांपासून लपवू नये. शिक्षकांनीही ते चारचौघांत बोलून दाखवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने अशा मुलाला हलका व्यायाम, भरपूर पाणी आणि हवी तेव्हा विश्रांती मिळाली पाहिजे. "आज नको" म्हणणाऱ्या मुलाला कारण विचारून भंडावू नये.

वाढत्या वयातील मुलांच्या मनगटाजवळ हाडाची वाढ जेथून होते, तो भाग कोवळा असतो. सरावानंतर मनगट थोडे भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर सराव बंद ठेवावा. आठवडाभर दुखणे राहिले, तर दवाखाना गाठावा.

जागा आणि तयारी

सराव सिमेंटच्या फरशीवर करू नये. आपल्याकडे महागड्या मॅट नाहीत, पण आपला जिल्हा धानाचा आहे. मळणीनंतरचे कोरडे तणस पोत्यांत सारखे भरून ती पोती शिवून घेतली, की पडण्यासाठी उत्तम गादी तयार होते. नदीची चाळलेली वाळू हातभर खोल पसरली तरी चालते. मात्र हात टेकविण्याची जागा टणक आणि सपाट असावी, कारण मऊ जागेवर मनगट अधिक वाकते आणि बोटांना जोर लावता येत नाही. हात टणक जागी आणि पडण्याची जागा मऊ, ही व्यवस्था सरावापूर्वी रोज तपासावी. भिंतीला खिळा, खिडकीचे दार किंवा सुटलेले प्लास्टर नाही ना, हेही पाहावे. पावसाळ्यात ओलसर जागी सराव नको. जेवणानंतर किमान तीन तास जाऊ द्यावेत. मुलींनी आणि मुलांनी अंगाबरोबर बसणारी पँट घालावी आणि शर्ट आत खोचावा, म्हणजे तो तोंडावर येऊन डोळे झाकणार नाही.

सहा पायऱ्या

पहिली पायरी मनगटांची. गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवे व्हा. बोटे पुढे ठेवून भार हळूहळू पुढेमागे करा. मग बोटे बाहेरच्या बाजूस, नंतर गुडघ्यांकडे वळवून तसेच करा. पाच मिनिटे पुरेत. त्यानंतर भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि हात कानांजवळून सरळ वर न्या. कंबर भिंतीपासून फार सुटत असेल, तर खांदे अजून मोकळे झालेले नाहीत असे समजावे.

दुसरी पायरी धड ताठ ठेवण्याची. दंड काढताना हात सरळ असतात त्या स्थितीत तीस ते पंचेचाळीस सेकंद स्थिर राहा. कोपरे ताठ, पोट आत, नितंब आवळलेले. नंतर उताणे निजून कंबर जमिनीला चिकटवा आणि खांदे व पाय वीतभर वर उचला. ही किंचित वाटीसारखी स्थिती अंगवळणी पडली, की पुढे पाठीला केळ्यासारखा बाक येत नाही.

तिसरी पायरी काटकोनाची. भिंतीला तळपाय लावून पाय लांब करून बसा. नितंब जेथे आहेत तेथे आता तळहात ठेवा आणि पावले भिंतीवर कमरेच्या उंचीपर्यंत चढवा. शरीर काटकोनात येईल. कंबर खांद्यांच्या वर असेल. खांदे कानांकडे ढकला, जणू जमीन हातांनी दूर लोटत आहोत. वीस सेकंद राहून खाली या. बहुतेक मुलांना उलटे होण्याची भीती येथे ओलांडता येते, कारण पाय आधारावर असतात आणि खाली येण्याची वाट समोर दिसत असते.

चौथी पायरी उतरण्याची. हीच सर्वांत महत्त्वाची आणि हीच सर्वजण वगळतात. पाय पलीकडे जाऊ लागले की एक हात उचलून अर्धे पाऊल पुढे टेकवायचा, कंबर त्या बाजूला वळवायची आणि पाय एकामागून एक बाजूला उतरवायचे. कार्टव्हीलचा उत्तरार्ध म्हणा ना! आधी ही क्रिया कमरेएवढ्याही उंचीवर न जाता, बेडकासारखी छोटी उडी मारून करावी. डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंनी ती विचार न करता होऊ लागली, म्हणजे मूल पुढच्या पायरीला पात्र झाले. पुढे कोलांटी घेऊन उतरण्याचा मार्गही आहे, परंतु त्यात हनुवटी छातीला लावून मान वाचवावी लागते. म्हणून तो गादीशिवाय आणि शिक्षकाशिवाय करू नये.

पाचवी पायरी भिंतीवर चढण्याची. भिंतीकडे पाठ करून ओणवे व्हा, पावले भिंतीवर वर न्या आणि हात थोडेथोडे भिंतीकडे सरकवा. आता पोट भिंतीकडे आहे. पहिल्या दिवशी शरीर तिरपे राहील, राहू द्या. रोज हात वीतभर जवळ येतील. दम संपण्यापूर्वी उतरा. हात पुढे चालवीत, पाय खाली घसरवीत. थकलेल्या हातांनी उतरणे हे चढण्यापेक्षा अवघड असते, म्हणून निम्मी ताकद परतीसाठी राखून ठेवावी.

सहावी पायरी पाय टाकण्याची. एक पाय पुढे, गुडघा थोडा वाकलेला, हात वर. तळहात खांद्यांइतक्या अंतरावर, भिंतीपासून वीतभर दूर टेकवा, बोटे पसरा आणि मागचा पाय सरळ ठेवून वर न्या. पुढचा पाय त्याच्यामागून जाईल. टाचा भिंतीला हलकेच टेकतील. धाडकन आदळल्या तर जोर जास्त झाला. नजर दोन्ही हातांच्या मध्यभागी असावी, पण मान मागे फेकलेली नसावी. श्वास रोखू नये. मग एक टाच भिंतीपासून सोडा, नंतर दुसरी. एक सेकंद, दोन सेकंद. भिंतीपासून सुटलेला तो एक सेकंद हाच खरा हँडस्टँड. उरलेले आयुष्य तो वाढविण्यासाठी आहे.

जोडीदार आणि बांबूवरचा शिष्य

भिंतीनंतरचा आधार जोडीदाराचा. त्याने समोर उभे राहू नये, कारण टाच तोंडावर बसते. त्याने बाजूला, पाय फाकवून उभे राहावे आणि वर येणाऱ्या मांडीला दोन्ही हातांनी आधार द्यावा. घोटा पकडून ओढू नये. शरीर सरळ झाल्यावर हात सैल करावेत, पण दूर नेऊ नयेत. वर असलेल्याने "उतरतो" म्हटले की त्याच क्षणी उतरू द्यावे. "अजून थोडा थांब" हे शब्द जोडीदाराच्या तोंडी कधीही येता कामा नयेत.

येथे संयुत्तनिकायाच्या सतिपट्ठान संयुत्तातील एका सुत्ताची आठवण होते. सुंभ जनपदातील सेदक नावाच्या गावी असताना भगवान बुद्धांनी ही कथा भिक्खूंना सांगितली. बांबूवर कसरत करणारा एक गुरू आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला बांबूवर चढून आपल्या खांद्यावर उभे राहण्यास सांगतो. तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, म्हणजे खेळ दाखवून, चार पैसे मिळवून आपण सुखरूप उतरू, असे गुरूचे म्हणणे. शिष्य नम्रपणे हरकत घेतो. गुरूने स्वतःला सांभाळावे आणि मी स्वतःला सांभाळीन, तरच दोघे सुखरूप उतरू, असे तो सुचवितो. शिष्याची रीत बरोबर आहे, असे भगवंतांनी सांगितले; आणि त्यापुढे जाऊन असेही सांगितले, की सजगतेने स्वतःचे रक्षण करणारा दुसऱ्याचेही रक्षण करतो, आणि क्षमा, अहिंसा व मैत्री यांनी दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचेही रक्षण करतो.

मैदानावर या सुत्ताचा अर्थ शब्दशः खरा ठरतो. ज्याची स्वतःची पावले घट्ट नाहीत, तो जोडीदार पडणाऱ्याला सावरू शकत नाही, दोघेही पडतात. आणि वर असलेला मुलगा "जोडीदार आहे ना" म्हणून अंग सैल सोडतो, तेव्हा जोडीदाराची पाठ धरते. प्रत्येकाने आपला तोल सांभाळणे हीच दुसऱ्याला केलेली पहिली मदत होय. त्या सातवीतील मुलाच्या वडिलांनी मला विचारलेला प्रश्न याच सुत्तातला होता, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पालीमध्ये या कसरतपटूला 'चंडालवंसिक' म्हटले आहे. समाजाने ज्यांना तळाशी ढकलले, त्यांच्या नावाशी हा खेळ जोडलेला होता, असे त्या शब्दावरून दिसते. आजही बाजाराच्या दिवशी ढोलकीच्या तालावर दोरीवर चालणारी, हातांवर उलटी चालणारी मुले डोंबाऱ्यांची असतात. त्यांच्या अंगी जी विद्या आहे, तीच शाळेत व्यायाम म्हणून गौरविली जाते आणि रस्त्यावर भीक म्हणून पाहिली जाते. त्या मुलांच्या खाली तणसाची गादी नसते आणि "आज नको" म्हणण्याची मुभाही नसते. आपण ही विद्या शिकताना त्यांना आपले पूर्वसूरी मानावे. खेळ पाहून नाणे टाकून निघून न जाता, हे मूल कोणत्या शाळेत जाते, हा प्रश्न विचारण्याचे धैर्यही आपल्यात यावे.

किती दिवसांत?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा ते पंधरा मिनिटे, दर दोन प्रयत्नांमध्ये विश्रांती, एवढा सराव पुरतो. पहिले दोन-तीन आठवडे मनगट आणि धड तयार होण्यात जातात. भिंतीजवळ अर्धा मिनिट स्थिर राहण्यास बहुतेकांना दोन-तीन महिने लागतात. भिंतीविना पाच-दहा सेकंद उभे राहण्यास कोणाला सहा महिने, कोणाला वर्ष लागते. अंगाने हलकी मुले लवकर वर जातात, पण शांत स्वभावाची मुले जास्त वेळ टिकतात, असे मी पाहिले आहे. मुलींच्या बाबतीत पालकांना शंका असते. पण आमच्या भिंतीजवळ सर्वांत आधी 'उतरणे' शिकून घेणाऱ्या बहुधा मुलीच असतात आणि म्हणून पुढेही त्याच असतात.

कोपरे वाकणे, खांदे खचणे, पाठीला बाक येणे, श्वास कोंडणे या चार चुका सर्वांच्या होतात. एका दिवशी एकच चूक सुधारावी. काल जमले ते आज न जमणे हेही या विद्येत नित्याचे आहे. त्याने खट्टू होऊ नये. रोवणीच्या दिवसांत एक बांधी एका दमात होत नाही, ओळीमागून ओळ लागत जाते, तसेच हे.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, किती दिवसांत येईल, असे विचारणाऱ्याला माझे उत्तर असे की, तुला सुखरूप उतरता येईल त्या दिवसापासून मोजायला लाग. आणि तुझ्याआधी तुझ्या शेजारच्याला जमले, तर त्याच्या मांडीला आधार देणारे हात तुझे असू दे. उद्या सायंकाळी भिंतीजवळ भेटू. मी या वेळी दहा पावलांवर नसेन.